आयरिसला पाणी चालते, चुना चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरायला लागला की पुण्यातल्या नर्सऱ्यांत आणि ऑनलाइन दुकानांत आयरिसचे गड्डे विकायला येतात. पाकिटावर निळ्या-जांभळ्या फुलाचे देखणे चित्र असते आणि खाली एवढेच छापलेले असते : ‘आयरिस, मिश्र रंग’. गड्डा दिसायला आल्याच्या कुडीसारखा असतो. बऱ्याच घरांत तो पुढचा पावसाळा संपायच्या आत कुजतो किंवा वाळतो, आणि मग ‘पुण्याच्या हवेत आयरिस येत नाही’ असे सगळीकडे पसरते. हे खरे नाही. ओलीत वाढणाऱ्या आयरिसांपैकी योग्य प्रकार निवडला आणि त्याच्या मुळाशी क्षार साचू दिले नाहीत, तर पुण्यात गच्चीवरसुद्धा आयरिस फुलतो. विकत घेताना या दोन गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र जरा लांब झाले तरी लिहीत आहे.

आयरिस हे एकाच झाडाचे नाव नव्हे. त्याच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. काहींना कोरडा माळ लागतो, तर काहींना चिखल. फुलाच्या बाहेरच्या, खाली झुकलेल्या पाकळीवर दात घासायच्या ब्रशासारखी केसाळ पट्टी दिसली तर तो ‘दाढीवाला’ आयरिस. काश्मीरमध्ये जुन्या कबरस्तानांत निळ्या-पांढऱ्या फुलांचे जे ताटवे दिसतात ते याच गटातले, आणि सहलीहून येताना लोक पिशवीत घालून आणतात तेही हेच गड्डे. हा गड्डा जमिनीवर अर्धा उघडा ठेवावा लागतो, त्याला ऊन आणि कोरड हवी असते. जुलैतल्या झडीत तो मऊ पडतो, बोटाने दाबला तर आत रुततो आणि घाण वास येतो. ही जिवाणूंमुळे होणारी कूज असते. फुलवाल्यांकडच्या गुच्छांत दिसणारा डच आयरिस वेगळाच. तो कांद्यापासून येतो आणि त्यालाही उन्हाळ्यात कोरडी विश्रांती लागते. हे दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

ओलीत वाढणाऱ्यांत जपानी आयरिस सगळ्यांत देखणा, आणि लोक फसतात ते त्याच्याच चित्रावरून. पाण्याने भरलेल्या वाफ्यात हजारो फुले उभी आहेत, असे ते चित्र असते. प्रत्यक्षात जपानमध्ये असे वाफे फुलांच्या दिवसांत पाण्याने भरतात. थंडीत पाणी काढून टाकतात. बारा महिने पाण्यात उभा राहणारा जपानमधला आयरिस वेगळ्या जातीचा आहे. शिवाय जपानी आणि ओलीतच वाढणारा सायबेरियन आयरिस या दोन्हींना खरी, लांबलेली थंडी लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा काही रात्री दहाच्या खाली उतरतो खरा, पण दुपार पुन्हा अठ्ठावीस-तीसवर जाते. एवढ्या थंडीवर ही झाडे पाने काढतात, कळी काढत नाहीत, आणि मे महिन्यात खंगतात. पैसे घालवायचे नसतील तर हे दोन्ही सोडून द्यावेत.

पुण्यासाठी नाव घेऊन मागावा तो लुईझियाना आयरिस. अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत उगवणाऱ्या पाच जाती आणि त्यांचे संकर मिळून हा गट होतो. तिथला उन्हाळा दमट आणि कडक, हिवाळा सौम्य. त्यामुळे आपल्या थंडीवर त्याचे भागते. निळा, जांभळा, पांढरा, पिवळा आणि आयरिसांत विरळा असणारा विटकरी तांबडा, एवढे रंग यात मिळतात. परदेशी संकेतस्थळावरून गड्डे मागवायचा मोह होतो, पण २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय तसे करता येत नाही. देशातल्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत.

आता चुन्याकडे येतो. लुईझियाना आयरिसला किंचित आम्ल माती लागते. सामू (मातीची आम्लता सांगणारा पीएचचा आकडा; सातच्या खाली आम्ल) साडेसहाच्या आसपास किंवा थोडा खालीच. पुण्याची काळी माती बहुतेक ठिकाणी आठच्या आगेमागे असते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. मातीचे कोरडे ढेकूळ बशीत ठेवून वर चमचाभर व्हिनेगर टाकावे. फसफस ऐकू आली तर ती माती आयरिसच्या कुंडीत घालूच नये. गंधक टाकून ती सुधारता येईल असे सांगितले जाते, पण मोकळा चुना असलेल्या मातीत गंधकाचे सगळे आम्ल चुन्यालाच पुरते. त्यापेक्षा लाल मातीपासून सुरुवात करावी.

मातीहून मोठा घोळ पाणी घालते. महापालिकेचे खडकवासला साखळीतल्या धरणांचे पाणी पावसाचे, म्हणून बरेच मृदू असते. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याचे तसे नाही. समजा त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि उन्हाळ्यात एका टबाला रोज अडीच लिटर पाणी लागते. साठ दिवसांत १५० लिटर पाणी झाले. पाणी उडून जाते आणि मागे ४५ ग्रॅम क्षार एकाच टबात उरतात. कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसते ती हीच. आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी झाडांना घालायची सवय आता घरोघरी आहे. इतर झाडे ते कदाचित सोसतील, आयरिसला मात्र ते अजिबात घालू नये, कारण त्यात मूळ पाण्यातलेच क्षार आटून जास्त दाट झालेले असतात. याउलट एसीच्या नळीतून टपकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षारविरहित असते. नळीखाली बादली ठेवावी. नेमक्या ज्या दिवसांत आयरिसला पाणी जास्त लागते त्याच दिवसांत एसी चालतो, हा योग बागेच्या दृष्टीने फारच चांगला आहे.

चुना चढल्याची खूण ओळखायला सोपी आहे. नवीन पान पिवळे पडते, पण त्याच्यावरच्या उभ्या शिरा हिरव्या राहतात. पान उजेडासमोर धरले की हिरव्या-पिवळ्या रेघोट्या स्पष्ट दिसतात. जुनी, बाहेरची पाने पिवळी पडत असतील तर ते वयामुळे किंवा नत्राच्या कमतरतेमुळे. त्याची गल्लत करू नये. रेघोट्या आल्या तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही असा अर्थ. अशा वेळी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल (दुकानात ‘लिंबूफूल’ म्हणून मिळते) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडू देऊ नयेत, गंजाचे डाग निघत नाहीत. मातीतून लोह द्यायचे तर पाकिटावर ‘ईडीडीएचए’ असे लिहिलेले चिलेट (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) घ्यावे. ‘ईडीटीए’वाले स्वस्त असते, पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. फवारणीने पान हिरवे होईल, पण पाणी बदलले नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच.

टबाची रचना नीट केली तर निम्मे काम झाले. चाळीस लिटरचा, सोळा-अठरा इंच रुंद आणि दहा-बारा इंच खोल प्लॅस्टिकचा टब घ्यावा. काळा नको, फिका रंग बरा, कारण मे महिन्यात काळ्या टबातले पाणी मुळे शिजतील इतके तापते. तळाला एक छिद्र पाडून त्यात रबरी बूच बसवावे. मातीचा वरचा थर जिथे येणार त्याच्या तीन इंच खाली, टबाच्या बाजूला, करंगळी जाईल एवढे दुसरे छिद्र पाडावे आणि आतून नारळाची काथ्या किंवा जाळीचा तुकडा लावावा. बाजूच्या छिद्रातून जादा पाणी वाहून जाते आणि खालचे सात-आठ इंच कायम चिखलासारखे ओले राहतात. महिन्यातून एकदा तळाचे बूच काढून वरून दोन बादल्या चांगले पाणी ओतावे; साचलेले क्षार धुऊन निघतात. ज्या टबाला तळाला वाटच नाही तो पहिल्या वर्षी छान चालतो आणि दुसऱ्या वर्षी झाड पिवळे पडते, त्याचे कारण हेच. पावसाळ्यात बूच काढूनच ठेवले आणि पाऊस नियमित असला तर धुण्याचे काम आपोआप होते.

मिश्रणासाठी दोन घमेली लाल माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत, आणि एक घमेले धुतलेले कोकोपीट. कोकोपीट विटेच्या रूपात मिळते, त्यात मीठ असते. भिजवून, पिळून दोनदा पाणी बदलावे. वर एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम, गंधकाची भुकटी मिसळून मिश्रण ओलसर ठेवावे. गंधकावर मातीतल्या जिवाणूंचे काम व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून ही तयारी गणपतीच्या दिवसांतच करावी. राख, हाडांचे खत, अंड्याची टरफले आणि चुन्याची निवळी हे चार पदार्थ आपल्याकडे प्रत्येक कुंडीत सढळ हाताने पडतात. इथे एकही नको, चारही सामू वाढवतात. गच्चीवर ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना : असा भरलेला टब ओला असताना साठ-सत्तर किलोचा होतो. तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवावा, आणि खाली विटा घालून हवा खेळती ठेवावी, म्हणजे वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही.

लागवड घटस्थापना ते दिवाळी या काळात. गड्डा टणक असावा, खालची मुळे पांढरट, आणि टोकाला पंख्यासारख्या पानांचा एक तरी ताजा फुटवा असावा. पाने सहा-आठ इंचांवर कापावीत. दाढीवाल्या आयरिसचे गड्डे सावलीत सुकवून लावतात. लुईझियानाचे तसे करू नये. ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणावेत आणि दोन दिवसांच्या आत मातीत घालावेत. गड्डा आडवा ठेवून वर एक इंच माती टाकायची. तो आल्यासारखा पुढे-पुढे सरकत वाढतो, म्हणून टबाच्या काठाशी लावून पानांचे टोक मध्याकडे करावे. उलटे केले तर वर्षभरात झाड काठाला येऊन थडकते. एका टबात एकच गड्डा पुरे. जमिनीत लावायचे असेल तर दीड फूट खोल वाफा खणून तळाला जाड प्लॅस्टिक अंथरावे, फूटभर अंतरावर त्याला दाताळ्याने भोके पाडावीत, वर हेच मिश्रण भरावे आणि दोन गड्ड्यांत दीड फुटाचे अंतर ठेवावे. काळ्या मातीत हे अंथरूण दोन कामे करते : ओल धरते आणि आजूबाजूच्या चुनखडीला थोपवते.

लावल्याबरोबर आच्छादन. पुणे जिल्ह्यात उसाचे पाचट मुबलक आहे. त्याचा तीन इंचांचा थर उत्तम. उघड्या पडलेल्या गड्ड्याला ऊन लागले की त्याची साल भाजते आणि भाजलेल्या जागेतून कूज आत शिरते.

उन्हाची गरज दिवसाला सहा तास. पूर्वेची बाजू सगळ्यांत चांगली. मार्चपासून दुपारी बारानंतर ५० टक्क्यांचे शेडनेट लावावे आणि टबाभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. कोरड्या उन्हाळ्यात पानांची टोके करपतात, काही वेळा झाड अर्धे झोपी जाते; घाबरून खत घालू नये, फक्त ओल तुटू देऊ नये. हे झाड खादाड आहे, पण त्याला खायला घालायची वेळ थंडीची. लावल्यावर महिन्याने ५० ग्रॅम निंबोळी पेंड. नोव्हेंबर ते जानेवारी दर पंधरवड्याला लिटरमागे २ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत), टबाला दोन लिटर. आणि डिसेंबरच्या शेवटी एकदा ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट पाण्यातून. अमोनियम सल्फेट आम्लता वाढवते म्हणून युरियापेक्षा ते बरे. पाने दाट, गर्द आणि लोळणारी झाली, कळीचा पत्ता नाही, तर एक तर नत्र जास्त झाले आहे किंवा ऊन कमी पडते आहे.

थंडी ओसरताना पानांच्या पंख्यातून दांडा वर येतो. एक फूल दोन-तीन दिवस टिकते, मग त्याच दांड्यावरचे पुढचे उमलते. फूल उमलल्यावर जवळ जाऊन एक गोष्ट जरूर पाहावी. बाहेर झुकलेल्या प्रत्येक पाकळीवर पिवळी खूण असते आणि तिच्या वर दुसरी एक अरुंद पाकळी छपरासारखी ओणवलेली दिसते. ती पाकळी नसून स्त्रीकेसराचा फाटा आहे. मधमाशी पिवळ्या खुणेवरून या बोगद्यात शिरते तेव्हा छपराच्या कडेला असलेली बारीक ओठासारखी पट्टी तिच्या पाठीवरचे आधीच्या फुलाचे पराग खरवडून घेते. आत परागकोश तिच्या पाठीला नवे पराग लावतो. परत बाहेर येताना तोच ओठ मागे दाबला जाऊन मिटतो, त्यामुळे फुलाचे स्वतःचे पराग स्वतःला लागत नाहीत. शाळकरी मुलांना परागीभवन दाखवायला याहून चांगले फूल घरात मिळणे कठीण.

ज्या गड्ड्याने एकदा फूल दिले तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या बाजूंना आलेले फुटवे पुढच्या वर्षी फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी सप्टेंबरअखेरीस सगळा गड्डा उपसून फुटवे तोडून घ्यावेत, मुळे चार इंचांवर कापावीत आणि मिश्रण नवे भरावे. दाटी झालेल्या टबात फुले कमी होतात ती याच टाळाटाळीमुळे.

किडींत पावसाळ्यातल्या गोगलगाई सर्वांत त्रासदायक. रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. वाफ्याभोवती मीठ पसरणे हा रूढ उपाय इथे झाडालाच मारतो. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात, पंखा जिथे जमिनीला टेकतो तिथे लपतो. जुनी वाळलेली पाने खुडून जागा मोकळी ठेवली की तो फारसा येत नाही.

ओल्या टबांचा विषय निघाला की डेंग्यूची शंका येते, आणि ती रास्त आहे. महापालिकेचे कर्मचारी गच्चीवर डासांच्या अळ्या शोधत येतात ते योग्यच करतात. पण लुईझियाना आयरिसला उघडे, उभे पाणी लागतच नाही, चिखल पुरतो. वर सांगितलेल्या टबात पाण्याची पातळी मातीच्या तीन इंच खाली राहते, त्यामुळे डासाला अंडी घालायला पाण्याचा पृष्ठभाग मिळत नाही. ज्यांना तरीही पाण्यात उभा आयरिस हवा असेल त्यांनी गप्पी मासे सोडावेत. कुंडीखालच्या बशा मात्र दर आठवड्याला रिकाम्या करून घासाव्यात. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात.

आता दोन इशारे, आणि हे दोन्ही फुलांपेक्षा महत्त्वाचे आहेत. पहिला घरातला. पाणथळ आयरिसांपैकी पिवळ्या फुलाच्या जातीच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘खोटा वेखंड’ असा होतो, इतकी दोघांची पाने सारखी असतात; गड्डेही जमिनीत आडवे. आपल्याकडे वेखंड सहाणेवर उगाळून तान्ह्या बाळाच्या गुटीत घालायची पद्धत आहे, आणि बऱ्याच घरांत तो कुंडीत लावलेला असतो. आयरिसचा गड्डा विषारी आहे. उलट्या आणि जुलाब होतात, रसाने हातही चुणचुणतात. पान चुरगाळून वास घ्यावा : वेखंडाचा उग्र सुगंधी वास लगेच येतो, आयरिसला तो नसतो. शिवाय वेखंडाच्या पानाची मधली शीर एका बाजूला सरकलेली असते. तरी सुरक्षित मार्ग हाच की ही दोन झाडे एकमेकांच्या शेजारी ठेवूच नयेत आणि आयरिसच्या टबाला नावाची पट्टी लावावी. गड्डे तोडताना हातमोजे घालावेत.

दुसरा इशारा ओढ्या-नाल्यांचा. हाच पिवळा आयरिस उष्णता आणि चुनखडी इतरांपेक्षा बरी सोसतो, म्हणून विक्रेते तो ‘न मरणारा’ म्हणून सुचवतात. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये त्याने पाणवठ्यांचे काठ बळकावले आहेत. त्याच्या बिया पाण्यावर तरंगत जातात आणि गड्ड्याचा तुकडाही रुजतो. मुळा-मुठेत आणि पाषाण तलावात जलपर्णीने काय केले ते आपण दरवर्षी पाहतो. तीही शोभेचे फूल म्हणूनच देशात आली होती. पिवळा आयरिस ठेवायचाच तर बंद टबात ठेवावा, फूल गळताच बोंड कापावे, आणि काढलेले गड्डे ओढ्यात, कालव्यात किंवा निर्माल्यात न टाकता काळ्या पिशवीत बांधून उन्हात पूर्ण कुजू द्यावेत.

नर्सरीचालकांना विनंती की पट्टीवर पूर्ण नाव लिहा. सध्या ‘आयरिस’ म्हणून जे सर्रास दिले जाते ते पुष्कळदा ‘चालता आयरिस’ असते. पाने पंख्यासारखी, फूल पांढरे-निळे आणि एका दिवसाचे, दांड्याच्या टोकाला पिल्लू येऊन तो वाकतो आणि पिल्लू जमिनीला टेकून रुजते. झाड गुणी आहे, अर्ध्या सावलीत ओलसर मातीत सुखाने वाढते, नवशिक्याने तेच आधी लावावे असे माझे मत आहे. फक्त ते आयरिस नव्हे आणि चिखलात उभे केले तर मुळे कुजतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथल्या गाळ्यांवर हजारो पुणेकर झाडे घेतात. त्यांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : हा दाढीवाला की बिनदाढीचा, जात कोणती, आणि गड्डा कोणत्या मातीत वाढवला आहे. तिसऱ्याचे उत्तर ‘काळ्या मातीत’ असे आले तर घरी आणल्यावर मुळे साध्या पाण्यात धुऊन ती माती पूर्ण काढावी आणि मगच गड्डा आपल्या मिश्रणात लावावा.

कळावे,
एक बागप्रेमी वाचक, पुणे